पी/ए सॉफ्ट : न लावलेल्या हाताचा दाखला

घरात दवाखान्याची जुनी फाइल असेलच. ती काढा. पोटाच्या तक्रारीसाठी गेला होतात त्या दिवसाचा केसपेपर शोधा. बीपी आणि पल्सच्या आकड्यांखाली इंग्रजीत घाईघाईने लिहिलेली एक ओळ दिसेल : पी/ए सॉफ्ट, एनटी. पी/ए म्हणजे 'पर अ‍ॅब्डोमेन', पोटाची तपासणी. सॉफ्ट म्हणजे पोट मऊ लागलं. एनटी म्हणजे नॉन-टेंडर, दाबल्यावर कुठेही दुखलं नाही.

आता आठवा. त्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला टेबलावर झोपवलं होतं का? पोटाला हात लावला होता का?

लावला असेल तर तुमचे डॉक्टर चांगले आहेत, त्यांना धरून राहा. लावला नसेल तर तुमच्या फाइलमध्ये एक खोटा दाखला आहे. तलाठ्याने जागेवर न जाता पंचनामा लिहिला तर आपण बातमी करतो, तहसीलवर मोर्चा नेतो. डॉक्टरने पोटाला हात न लावता पोटाचा पंचनामा लिहिला तर आपण फी देऊन बाहेर येतो.

मी डॉक्टर नाही. पत्रकार आहे, कागद वाचणं हा माझा धंदा. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं हेच करतोय. लोक पीकविम्याचे, फेरफाराचे कागद घेऊन येतात, तसे आता दवाखान्याचेही आणतात. त्यातल्या एका फाइलबद्दल सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, दवाखान्याचंही नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाहीच.

बाई ३४ वर्षांची, रोजंदारीने शेतात जाणारी. तक्रार एकच : पोट दुखतं, कधी संडास लागते, कधी दोन-दोन दिवस होत नाही, झाली की बरं वाटतं, पुन्हा दुखतं. दोन वर्षांत चार सोनोग्राफी, एक सीटी स्कॅन, एक एन्डोस्कोपी आणि एक अपेंडिक्सचं ऑपरेशन. ऑपरेशननंतर दोन महिने बरे गेले, मग दुखणं होतं तिथेच परत. काढलेलं अपेंडिक्स तपासायला पाठवलं होतं का, याचा एकही कागद फाइलमध्ये नाही.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची, कारण रडायचं किती. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात, एकाच तारखेचे दोन कागद आहेत. केसपेपर म्हणतो : पी/ए सॉफ्ट, एनटी. म्हणजे दाबल्यावर दुखत नाही. त्याच दिवशीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणतो : उजव्या बाजूला खाली 'प्रोब टेंडरनेस' आहे. म्हणजे मशीनचा दांडा दाबल्यावर दुखतंय. पोट तेच, दिवस तोच. हाताच्या नावाने लिहिलेला कागद म्हणतो दुखत नाही, मशीनचा म्हणतो दुखतं. आणि त्या दुसऱ्या कागदावर ऑपरेशन झालं.

मी विचारलं, "ताई, टेबलावर झोपवून, हाताने पोट दाबून किती डॉक्टरांनी बघितलं?"

ती म्हणाली, "दादा, दाबलं ते फक्त मशीनवाल्यानं."

पोट दाबल्यावर कुठे दुखतं, किती दुखतं, दाबताना की हात सोडताना, हे बघायला एक रुपया लागत नाही. तीच गोष्ट मशीनच्या दांड्याने दाबून कळली की तिची पावती फाटते आणि तिला वजन येतं. या फुकटच्या तपासणीची किंमत आपण सगळे मोजतोय, आणि सगळ्यात जास्त ते मोजतात ज्यांना आतड्याचा कार्यातला बिघाड आहे.

हा प्रकार काय, ते समजून घेऊ. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, सूज नाही. दुर्बिणीतून बघितलं तर ठणठणीत. पण ते चालतं बिघडलेलं, आणि त्याच्या नसा जरुरीपेक्षा जास्त जाग्या असतात. यातला सगळ्यात ओळखीचा आजार म्हणजे आयबीएस. १९७३ मध्ये जे. रिची नावाच्या संशोधकाने अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून बघितला. ज्या फुगवट्याला इतर लोक फारसं जुमानत नव्हते, त्याच फुगवट्याला या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना कळ येत होती. म्हणजे दुखणं खरं आहे. ते नाटक नाही, 'टेन्शन घेऊ नका' म्हणून उडवायचं दुखणंही नाही.

अशा माणसाचं पोट दाबलं तर बहुतेक वेळा कुठे ना कुठे दुखतं. पुष्कळदा डाव्या बाजूला, खाली ओटीपोटाकडे. तिथे आखडलेलं आतडं कधी कधी दोरीसारखं हाताला लागतं. पण पोट एकूण मऊ असतं. रुग्ण पोटाचे स्नायू आपोआप ताठ करत नाही. हात सोडल्यावर किंचाळत नाही. आतड्याला भोक पडलेल्या माणसाचं पोट लाकडासारखं कडक लागतं. हा फरक बोटांना कळतो. शिकलेल्या बोटांना.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कुणी डॉक्टर मित्र कमेंटमध्ये सांगतीलच. दाबल्यावर दुखणं हा आयबीएसचा पुरावा नाही. ते आयबीएस नसलेल्यांतही सापडतं, आणि आयबीएस असलेल्या काहींत सापडत नाही. जगभर वापरल्या गेलेल्या २०१६ च्या रोम-४ निकषांमध्ये या खुणेला जागा नाही. ते निकष प्रश्नांवर उभे आहेत : गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखतं का? त्या दुखण्याचा शौचाशी संबंध आहे का? शौचाच्या खेपा बदलल्या का? शौचाचं स्वरूप बदललं का? सुरुवात होऊन सहा महिने झाले का? यातल्या तीन खुणांपैकी, म्हणजे संबंध, खेपा आणि स्वरूप यांपैकी, दोन तरी जुळायला हव्यात.

मग हात कशाला लावायचा? चार कारणं आहेत.

पहिलं, आजचा आज धावायला लावणारं पोट आणि घरी जाऊ शकणारं पोट यांतला फरक हाताला लगेच कळतो.

दुसरं, गाठ. आपल्या देशात आतड्याचा टीबी आहे, आणि तो बहुधा उजव्या बाजूला, लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे बसतो. तिथे लागणारी गाठ, पोटात साठलेलं पाणी, वाढलेलं यकृत यांचा पहिला संशय हाताला येऊ शकतो. हात न लावता 'गॅस आहे' म्हणून गोळ्या दिलेल्या माणसाचा टीबी किंवा कॅन्सर सहा महिने उशिरा सापडला, तर ते सहा महिने कुणाच्या खात्यावर टाकायचे?

तिसरं कारण शंभर वर्षं जुनं आहे. जॉन कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जनने १९२६ मध्ये एक साधी युक्ती लिहून ठेवली. रुग्णाला झोपवा. दुखरी जागा बोटाने दाबा. मग दाब तसाच ठेवून त्याला डोकं आणि खांदे उचलायला सांगा, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं कमी झालं तर उगम बहुधा आत आहे, कारण ताठ स्नायूंनी आतल्या अवयवाला ढाल दिली. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर उगम बहुधा पोटाच्या भिंतीतच आहे, स्नायूत किंवा तिथे अडकलेल्या नसेत. या दुसऱ्या प्रकारात पुष्कळदा त्या जागी बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन उपयोगी पडतं. सोनोग्राफीत अडकलेली नस सहसा दिसत नाही. कार्नेटच्या युक्तीला एक मिनिटही लागत नाही. तुमच्यापैकी किती जणांवर ती केली गेली आहे? हात वर करा.

चौथं कारण वैद्यकाच्या पुस्तकात कमी आणि माणसाच्या आयुष्यात जास्त असतं. वर्षभर दुखणाऱ्या जागेवर कुणीतरी नेमकं बोट ठेवून "इथेच ना?" विचारतं तेव्हा आपलं ऐकलं गेलं असं रुग्णाला वाटतं. ज्याचं पोट कुणी तपासलंच नाही, त्याला 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे पटत नाही. पटू पण नये. तो पुढच्या डॉक्टरकडे जातो, तिथे नवी सोनोग्राफी होते. तो डॉक्टर बदलत फिरतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. तो फिरतोय ते हात शोधत.

हे काही परदेशी शहाणपण नाही. आपल्या आयुर्वेदात रोगी तपासण्याची तीन अंगं सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन, प्रश्न. बघणं, स्पर्श करणं, विचारणं. आजच्या ओपीडीत दर्शन मोबाइलकडे बघत होतं, प्रश्न कंपाउंडर विचारतो आणि स्पर्शन सोनोग्राफी सेंटरला पाठवलेलं असतं.

सोनोग्राफी वाईट नाही. पित्ताचे खडे, मूतखडा, गर्भाशयाच्या गाठी शोधायला ती चांगलं साधन आहे. पण कार्यातला बिघाड तिला दिसत नाही. रस्त्याचा फोटो काढून ट्रॅफिक का तुंबतं ते कळत नाही, तसं. आणि मशीनला काहीतरी दिसतंच. थोडं फॅटी लिव्हर, बारीक गाठी, अंडाशयावरचा साधा फुगा, कधीही त्रास न दिलेला पित्ताचा खडा. पोट हाताने तपासलेलं असेल तर डॉक्टरला सांगता येतं, की बाई, हा खडा इथे आणि तुमचं दुखणं तिकडे, दोघांचा संबंध नाही. हातच लावला नसेल तर रिपोर्टमध्ये जे सापडलं तेच दुखण्याचं कारण ठरतं. आणि मग ते काढलं जातं.

हे मी हवेत बोलत नाही. २००४ मध्ये 'गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी' या नियतकालिकात अमेरिकेतला, ८९ हजारांवर लोकांच्या नोंदींचा अभ्यास छापून आला. आयबीएस असलेल्यांमध्ये पित्ताशय काढलेल्यांचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट निघालं. अपेंडिक्स काढलेल्यांचं दुप्पट. गर्भाशय काढलेल्यांचंही दुप्पट. यातली काही ऑपरेशनं गरजेची असणारच. पण दुखतं आतडं आणि काढले जातात आजूबाजूचे अवयव, असं मोठ्या प्रमाणावर घडतं ही शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. आणि हे तिथलं, जिथे नोंदी होतात.

आपल्याकडचं काय? शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट देशभर गाजली. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. या सगळ्यांना आयबीएस होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं मूर्खपणा होईल. त्यामागे मुकादम होता, खाडा होता, अंगावरून जाणं होतं, कॅन्सरची भीती घालणं होतं. पण त्यातल्या कितीतरी बायका दवाखान्याची पायरी चढल्या त्या 'पोट दुखतं' म्हणत. ओटीपोटाच्या त्या वीतभर जागेत गर्भाशय आहे, मूत्राशय आहे, आतडं आहे आणि वरची भिंतही आहे. यातलं नेमकं काय दुखतंय हे ठरवायला विचारावं लागतं, दाबून बघावं लागतं. त्यांच्यापैकी किती जणींच्या केसपेपरवर 'पी/ए सॉफ्ट, एनटी' लिहिलं असेल आणि किती जणींचं पोट खरंच कुणी तपासलं असेल, हे त्या चौकशीच्या वेळी केसपेपर मागवून विचारायला हवं होतं.

आता डॉक्टरांची बाजू. ती मांडली नाही तर मी पत्रकार कसला?

ते म्हणतात, वेळ नाही. खरं आहे. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' मध्ये जगभरातल्या प्राथमिक दवाखान्यांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा आला, त्यात भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. ग्रामीण रुग्णालयात एकटा मेडिकल ऑफिसर शंभरावर पेशंट बघतो, त्याच्याकडून मी पंधरा मिनिटांची अपेक्षा करत नाही. पण खाजगीत, फी घेऊन, ज्यांच्याकडे टेबल आहे आणि त्या टेबलावर सॅम्पलच्या औषधांची खोकी रचून ठेवलेली आहेत, त्यांनी वेळेचं कारण सांगू नये. खोकी खाली ठेवा.

ते म्हणतात, लोकांनाच मशीन हवं असतं. हेही खरं. 'सोनोग्राफीसुद्धा केली नाही' म्हणून डॉक्टरला नावं ठेवणारे आपणच. पण ही सवय लावली कुणी? आणि कमिशनचं काय? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं-देणं निषिद्ध आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करून घेतला. ज्या रोगावर कायदा करायचा विचार सरकारला करावा लागतो, तो रोग कुठेच नाही असं कुणी सांगू नये.

ते म्हणतात, उद्या काही निघालं तर ग्राहक कोर्टात आम्ही जाऊ. या भीतीवर उत्तर आहे, आणि ते त्यांच्याच शास्त्राने दिलंय. १९७८ मध्ये ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ठरावीक लक्षणं विचारून हा आजार ओळखता येतो, बाकी सगळं नाकारत शेवटी त्याच्यापर्यंत पोचायची गरज नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीचे २०२१ चे दिशानिर्देशही तेच सांगतात : लक्षणं नीट विचारा, मोजक्या तपासण्या करा, आणि धोक्याच्या खुणा नसतील तर ४५ च्या आतल्या रुग्णाची सरसकट मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करू नका. मात्र धोक्याच्या खुणा असतील तर तपासण्या हव्यातच. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, ताप, रक्त कमी होणं, दुखण्याने झोपेतून जाग येणं, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. यातलं काहीही असेल तर ही पोस्ट वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

आणि कोर्टाची भीती असेल तर सांगा, तपासलेलं पोट लिहिलेला कागद तुम्हाला वाचवेल, की न तपासलेलं?

ते म्हणतात, बाई पेशंट असते, अंगाला हात लावला तर उद्या आरोप होतील. नर्सला आत बोलवा, पडदा ओढा, काय करणार ते आधी सांगा, परवानगी घ्या. एवढं शिष्टाचाराचं पाळलं तर कुठली बाई नाही म्हणेल? आमच्याकडच्या बायका लाजतात हे खरं, पण त्या लाजेचा फायदा घेऊन तपासणी टाळायची आणि पुढे त्याच पोटावर चीर द्यायची, ही कुठली मर्यादा?

त्या ताईचं पुढे काय झालं, ते विचाराल. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी एका जुन्या फिजिशियनकडे पाठवलं. त्यांनी गुडघे दुमडून झोपवलं, तळहात चोळून गरम केला, दुखत नव्हतं तिकडून सुरुवात केली, आणि पोट दाबताना नजर तिच्या तोंडावर ठेवली. दुखत होतं डाव्या बाजूला, खाली. जिकडे अपेंडिक्स नसतंच. मोजक्या रक्ताच्या तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, इसबगोल आणि एक साधी गोळी दिली. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण आता तिला माहीत आहे की ते काय आहे, आणि ती नव्या मशीनसाठी कर्ज काढत नाही.

मागण्या साध्या आहेत. ज्या पोटाला हात लावला नाही, त्याच्या पुढे 'सॉफ्ट, एनटी' लिहू नका. 'तपासलं नाही' असं लिहा, तेवढा तरी प्रामाणिकपणा ठेवा. जुनाट पोटदुखीसाठी ऑपरेशन सुचवताना, दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं आणि स्नायू ताठ केल्यावर काय होतं, हे केसपेपरवर आलंच पाहिजे. सरकारी योजनेतून पैसे जाणार असतील तर ती नोंद बघूनच मंजुरी द्या. काढलेला अवयव पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे आणि तो रिपोर्ट रुग्णाच्या हातात पडलाच पाहिजे.

आणि आपण? आपण एकच वाक्य शिकायचं. पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलात आणि चिठ्ठीवर पेन चालायला लागला, की शांतपणे म्हणा :

"डॉक्टर, आधी पोट तपासता का?"

चांगला डॉक्टर या वाक्यावर रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्या केसपेपरवरची ती ओळ नीट वाचा.